कॉलरच्या आतला लाल टाका

न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. गुन्हा शाबीत झाला आहे, शिक्षा सुनवायची आहे. त्याआधी आरोपीला काही सांगायचं आहे का?

या प्रश्नाला बहुतेक लोक ठरलेली उत्तरं देतात. घरची जबाबदारी आहे, पहिलीच चूक आहे, दया करावी. वकीलबाईंनी तसंच एक उत्तर पाठ करून घेतलं होतं. पिंजऱ्यात उभ्या असलेल्या बॉयलर कामगाराने ते म्हटलं नाही.

"शिक्षा द्या. मला ती मिळायलाच हवी. फक्त पुरुषांच्या तुरुंगात पाठवू नका. मी बाई आहे. आजची नाही, पहिल्यापासूनची. कोणाला सांगितलं नव्हतं, एवढंच."

टाइप करणाऱ्या कारकुनाचे हात थांबले. हे लिहायचं का, अशा नजरेने त्याने वर पाहिलं.

"लिहा," न्यायाधीश म्हणाले.

पिंजऱ्यातली व्यक्ती दार भरून टाकेल अशा अंगाची, चाळिशी उलटलेली, मनगटांवर जुन्या चटक्यांचे डाग असलेली. मागच्या बाकांवरून कोणीतरी खुदकन हसलं. सरकारी वकील उठले. आवाज न चढवता ते म्हणाले, "साहेब, खटला इतके महिने चालला. तेव्हा हे कधी निघालं नाही. तुरुंग समोर दिसला आणि आज निघालं. याचा अर्थ कोणीही काढू शकेल."

न्यायाधीशांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. अशा व्यक्तीला तिच्या म्हणण्याप्रमाणे बायकांच्या तुरुंगात ठेवण्याची तरतूद आहे, असं ते म्हणाले. पण हे म्हणणं तुरुंगाच्या भीतीतून जन्मलेलं नाही अशी आपली खात्री पटायला हवी. ही गोष्ट आधीपासून माहीत असलेलं कोणी असेल, तर पुढच्या तारखेला त्याला आणा. नसेल, तर नियमाप्रमाणे पुरुषांचा तुरुंग. तोवर जामीन कायम.

बाहेर व्हरांड्यात वकीलबाईंनी फाइल आपटली. "अहो, निदान मला तरी सांगायचं!"

"आत जाईपर्यंत मलाच माहीत नव्हतं मी बोलणार आहे."

"बरं, कोणाला माहीत होतं? कोणीतरी असेलच ना? मित्र? नातेवाईक?"

"कोणाला नाही," बंब म्हणाली. हे पूर्ण खरं नव्हतं.

*

बंब हे टोपणनाव. शहराच्या एका टोकाला एक मोठी लाँड्री आहे. रुग्णालयांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, कारखान्यांचे गणवेश तिथे धुतले जातात. मागच्या अंगाला, जाड भिंतींच्या एका वेगळ्या खोलीत बॉयलर आहे. तो चालवणारा माणूस उंचापुरा, गोल खांद्यांचा आणि कायम घामाने निथळलेला, म्हणून बंब. आणि मान द्यायचा असेल तेव्हा बंबदादा.

हे काम कोणी हौसेने घेत नाही. पहाटे सगळ्यांच्या आधी यायचं, पाणी बघायचं, आग पेटवायची, वाफ तयार ठेवायची. दिवसभर काचेच्या नळीतल्या पाण्याकडे आणि दाबाच्या काट्याकडे बघत बसायचं. बोलायला कोणी नाही. बंबने ते काम मागून घेतलं होतं आणि वर्षानुवर्षं सोडलं नव्हतं. पर्यवेक्षक व्हायची संधी दोनदा आली, दोन्ही वेळा नको म्हटलं. लोकांना वाटलं, माणूस साधा आहे, महत्त्वाकांक्षा नाही.

कारण वेगळं होतं, आणि ते बंब आता न अडखळता सांगते. त्या खोलीत एकाच माणसाची जागा होती. कपडे बदलायला पुरुषांच्या खोलीत जावं लागत नसे. कोणी पाठीवर थाप मारून बायकांवरचे विनोद सांगायला येत नसे. "आत मी कोण, हे विचारणारं कोणी नव्हतं. बॉयलरला काय, पाणी आणि आग वेळेवर मिळाली की झालं."

लाँड्रीची आणखी एक रीत सांगायला हवी. तिथे सगळ्या कामगारांचे शर्ट एकाच करड्या कापडाचे. ते तिथेच धुतले जातात, तिथेच प्रेस होतात, आणि घड्या होऊन कपडे बदलायच्या दोन खोल्यांत जातात. गोंधळ होऊ नये म्हणून शिवणकाम बघणारी बाई प्रत्येक नव्या शर्टाच्या कॉलरला आतून, मानेच्या बाजूला, रंगीत दोऱ्याचा एक टाका घालते. निळा टाका असलेला शर्ट पुरुषांच्या गठ्ठ्यात, लाल टाक्याचा बायकांच्या गठ्ठ्यात. नवा कामगार पहिल्याच दिवशी हे शिकतो. रंग बघायचा, विचार करायचा नाही.

बंबच्या शर्टांना अर्थातच निळा टाका होता.

*

अपघात कसा झाला, यावर खटल्यात वाद नव्हता, कारण तो बंबनेच सांगितला.

बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. त्याच्या दांड्यावर ठरावीक वजन असतं. आतला दाब प्रमाणाबाहेर गेला की दांडा उचलला जातो आणि जास्तीची वाफ शिट्टी मारत बाहेर पडते. ती बाहेर पडली की पुढे कामाच्या दालनात वाफ कमी पडते, प्रेस थंड होते, ओल्या चादरींचे ढीग साचतात आणि आरडाओरडा सुरू होतो. म्हणून घाईच्या सकाळी जुने बॉयलरवाले एक गोष्ट करतात. दांड्याच्या टोकाला एक पाना टांगतात. दांडा जड झाला की व्हॉल्व्ह लवकर उघडत नाही, शिट्टी वाजत नाही, वाफ पुरते. घाई संपली की पाना काढून ठेवायचा. हे कुठल्याही पुस्तकात नाही आणि कुठल्याही बॉयलरवाल्याला नवीन नाही.

त्या सकाळी एका रुग्णालयाचा माल तुंबला होता. प्रेसवाल्या मावशी दालनातून ओरडत होत्या, "अरे बंबदादा, वाफ देतोस की फुंकर मारू?" बंबने पाना टांगला आणि पाण्याच्या पंपात काहीतरी अडकलं होतं ते बघायला गेली. पाना राहून गेला. मावशींच्या प्रेसला जाणाऱ्या नळीचा जुना सांधा फुटला आणि वाफ त्यांच्या उजव्या हातावर आली, मनगटापासून खांद्यापर्यंत.

लाँड्रीच्या मॅनेजरने दुसऱ्याच दिवशी सुचवलं होतं, की व्हॉल्व्ह खराब होता असं म्हण, बनवणाऱ्या कंपनीवर जाईल, सगळे सुटू. बंब पोलिसांना म्हणाली, "व्हॉल्व्ह ठणठणीत होता. पाना मी टांगला, मीच काढायला विसरले." जबाबात हवालदाराने 'विसरलो' लिहिलं. सरकार पक्षाचा सगळा खटला या एका वाक्यावर उभा होता.

"ते खरं सांगितल्यावर," बंब म्हणते, "तोंडाला सवय लागली बहुतेक."

*

बातमी दुपारपर्यंत सगळीकडे पोचली. एका वेबसाइटने मथळा दिला: 'बाईला भाजलं, आता म्हणतो मीच बाई'. खाली वाचकांनी आपापली अक्कल पाजळली. तुरुंग चुकवायची नवी युक्ती, असं बहुतेकांचं मत पडलं. एकाने मात्र लिहिलं, 'युक्तीच करायची होती तर वेड लागलं म्हणाला असता, सुटला तरी असता. हा तर शिक्षा द्या म्हणतोय.' त्या वाचकाला पुढच्या वाचकांनी धुऊन काढलं.

लाँड्रीत जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता.

"इतकी वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला रे आपण."

"मी तर त्याच्यासमोर कितीदा उघडा फिरलोय!"

"तुझं पोट बघूनच ती बॉयलरच्या खोलीत जाऊन बसायची."

हसणं झालं, पण बायकांच्या टेबलावर कोणी हसत नव्हतं. तिथे एकीने डबा बंद केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्यातल्या एकीचा हात भाजायचा आणि वर आमच्याच तुरुंगात जायचं? वा रे वा!" मावशींची रिकामी खुर्ची तिथेच होती.

जिथे बंब केस कापायची, त्या सलूनवाल्याला निराळाच राग आला होता. "आमच्या खुर्चीत बसून लोक काय काय सांगतात! आणि हा माणूस वर्षानुवर्षं फक्त 'बारीक करा' म्हणायचा. मला एका शब्दाने सांगितलं नाही." फसवणूक झाली ती आपलीच, असा त्याचा सूर होता.

बंबच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांनी जिन्यात तोंड फिरवायला सुरुवात केली. मग त्यांचा गिझर बंद पडला. दोन माणसं बोलावून झाली, दोघांनीही नवा घ्या म्हणून सांगितलं. तेव्हा काका वर आले, दारात घुटमळले आणि म्हणाले, "तो जरा… म्हणजे ती… तू बघतेस का जरा गिझर?" बंब हत्यारांची पेटी घेऊन खाली गेली. काकांनी चहा दिला. चहा पिताना ते बिस्किटांची बशी पुढे सरकवत राहिले.

आश्चर्य वाटण्यासारखी गोष्ट ही, की या सगळ्या दिवसांत सर्वांत मजेत कोण असेल तर ती बंब. भाजी आणायला स्वतः जायची, वांगी एकेक हातात घेऊन बघायची, लोक बघतात ते बघायची. भूक लागायची. पलंगाला पाठ टेकली की झोप यायची. लोकांनी त्यालाही नावं ठेवली: तोंड लपवायचं सोडून मिरवते आहे.

"हलकं वाटतंय," ती घरी म्हणाली.

"तुला वाटत असेल," ताई म्हणाली. "तुझं सगळं ओझं माझ्या खिडकीवर येऊन पडलंय."

*

ताई म्हणजे बंबची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती आणि बंब वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतात. ताई सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर तिकीट खिडकीत बसते. तिथे बायकांची वेळ वेगळी, पुरुषांची वेगळी. त्यामुळे खिडकीसमोरच्या रांगेत प्रश्न विचारायला सगळ्यांना आयतं निमित्त मिळालं.

"काय हो, तुमचा भाऊ आता आमच्या वेळेत येणार का पोहायला?"

"त्याला पोहता येत नाही," ताईने सुटे पैसे सरकवत सांगितलं. मग ओठ आवळून पुन्हा म्हणाली, "तिला. पुढच्या या."

खिडकीत ताई अशी होती. घरात, त्या एका टोमण्यापलीकडे, ती बोलत नव्हती. जेवण वाढायची, भांडी घासायची, दिवा बंद करायची. कोर्टातली गोष्ट तिला शेजारणीच्या फोनवरून कळली होती, आणि ते तिला सगळ्यात जास्त लागलं होतं. शेवटी एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने तोंड उघडलं.

"दोन खोल्या आहेत आपल्या. मधे दारसुद्धा नाही, पडदा आहे. आणि मला शेजारीण सांगते?"

"तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"रडले असते. मग डॉक्टरकडे नेलं असतं. मग डॉक्टरने मला गप्प बसवलं असतं." ताईने नाक पुसलं. "पण सांगायचं तरी!"

"भीती वाटायची."

"माझी?"

"तुझीच जास्त. बाकीच्यांना सोडून राहता आलं असतं."

ताई बराच वेळ एकच टॉवेल घडी घालत आणि मोडत राहिली. मग म्हणाली, "एक सांगून ठेवते. माझा कंगवा वापरायचा नाही."

"नाही वापरणार."

"आणि लाँड्रीतला तो पोऱ्या परवा रस्त्यात विचारत होता, आता बंबताई म्हणायचं का. मी सांगितलं, काय म्हणायचं ते म्हणा, पण या घरातली ताई मी आहे. तू धाकटी."

बंबला हसू आलं आणि ते लवकर थांबेना. लहानपणापासून तिला कोणी 'धाकटी' म्हणावं असं वाटत होतं. ती वाट बघणं असं टॉवेलांच्या ढिगाशेजारी संपलं.

"मग काय करणार आहेस?" ताईने विचारलं. "तारीख जवळ आली. कोण सांगणार कोर्टात?"

"कोणी नाही. जाईन पाठवतील तिथे."

"पुरुषांमध्ये?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा बंबच्या चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं. लाँड्रीत तिला निदान एक खोली होती. तुरुंगात झोपायला एक दालन, आंघोळीला एक ओळ, आणि पेपरात फोटो छापून आलेला. तिथे काय होईल, हे दोघींना न बोलता कळत होतं.

*

तुरुंगात स्वतःचे साधे शर्ट चालतात असं कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून ताईने लाँड्रीतले जुने करडे शर्ट धुऊन इस्त्रीला घेतले. तिला इस्त्रीचा कंटाळा. कॉलर पूर्ण उलगडून, उताणी करून दाबायची असते हे तिला त्या दिवशी पहिल्यांदाच सुचलं. कॉलर उलगडली आणि तिला घडीच्या आत, निळ्या टाक्याच्या बरोबर खाली, एक लाल टाका दिसला. कॉलर नेहमीसारखी दुमडली की तो अजिबात दिसत नव्हता. तिने दुसरा शर्ट उलगडला. त्यातही होता. तिसऱ्यात होता.

"हे काय आहे गं?"

बंबने शर्ट तिच्या हातातून काढून घेतला. "माझा टाका आहे."

"कधी घातलास?"

"प्रत्येक नवा शर्ट मिळाला की. अगदी पहिल्यापासून."

"कोणी बघितलाय?"

बंब शर्टाची घडी घालायला लागली. ताईने तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी खिडकीतल्या आवाजात.

"कॉलर उलगडून प्रेस करणाऱ्या माणसालाच दिसतो तो," बंब म्हणाली. "एकीनेच बघितलाय. मावशींनी."

ताईने इस्त्री बंद केली. "त्यांना माहीत आहे?"

"माहीत आहे. आणि तू त्यांच्याकडे जायचं नाहीस. त्यांचा हात मी भाजलाय. आता कुठल्या तोंडाने मागायचं, की मावशी, या आणि मला वाचवा?"

"तू नको मागूस," ताई चप्पल घालत म्हणाली. "तुझं तोंड वेगळं, माझं वेगळं."

मावशींचं घर लाँड्रीच्या मागच्या गल्लीत. दार त्यांच्या नवऱ्याने उघडलं आणि कोण आहे हे कळल्यावर तसंच धरून ठेवलं. आतून आवाज आला, "येऊ द्या त्यांना. दारात उभं करून काय वाफ जाणार आहे का?"

मावशी टेबलाशी बसून डाव्या हाताने मटार सोलत होत्या. उजव्या हातावर खांद्यापर्यंत घट्ट कापडी पट्टी होती. बोटं अर्धीच मिटत होती. ताईने येताना वाक्यं जुळवली होती. ती हात बघून सगळी विसरली आणि नुसता शर्ट टेबलावर ठेवला.

मावशींनी डाव्या हाताने कॉलर उलगडली. बघितली. परत दुमडली.

"कशाला आलात ते कळलं," त्या म्हणाल्या. "तिने पाठवलं?"

"नाही. येऊ नको म्हणाली."

"बरोबर म्हणाली." मावशींनी एक शेंग फोडली, दाणे ताटलीत पडले. "या हाताने आता मला वेणी घालता येत नाही. हे घालतात. कशी घालतात ते बघा." त्यांनी मान वळवून दाखवली. नवऱ्याने खिडकीबाहेर पाहिलं. वेणी खरंच वाईट होती.

ताई म्हणाली, "आम्ही माफी मागायला हवी होती आधी."

"तिने मागितली. रुग्णालयात आली होती, पायथ्याशी उभी राहून गेली. मी दिली नाही. अजून दिलेली नाही." मावशींनी शर्ट ताईकडे सरकवला. "हा घेऊन जा. येते की नाही ते सांगत नाही."

*

तारखेला कोर्टात नेहमीपेक्षा गर्दी होती. लाँड्रीतले बरेच जण रजा काढून आले होते. वकीलबाईंनी दाराकडे बघून बघून मान दुखवून घेतली. न्यायाधीश बसले, केस पुकारली गेली, आणि सरकारी वकील उठून बोलायला लागणार तेवढ्यात मागच्या बाकावरून मावशी उठल्या. त्या केव्हा येऊन बसल्या होत्या, कोणी पाहिलं नव्हतं. सरकार पक्षाला वाटलं, शिक्षा वाढवून मागायला आल्या असतील. सरकारी वकिलांनी स्वतःहून त्यांना पुढे यायला जागा करून दिली.

मावशींनी शपथ घेतली आणि उभ्याच राहिल्या.

वकीलबाईंनी ताईने दिलेला शर्ट पुढे केला. "हा ओळखता?"

"एवढ्या मापाचा शर्ट लाँड्रीत एकाचाच. दर आठवड्याला माझ्या प्रेसखाली यायचा. मी तिथे लागले तेव्हापासून."

"कॉलरच्या आत काय आहे?"

"निळा टाका आहे, तो सगळ्यांना दिसतो. घडीत लाल आहे, तो मला दिसायचा. पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटलं, शिवणवालीची चूक असेल, आणि शर्ट बायकांच्या गठ्ठ्यात टाकला. तिकडे हसाहशी झाली. हिचा चेहरा असा पडला होता, की मला वाईट वाटलं. मग दुसरा शर्ट आला, त्यातही लाल. तिसऱ्यातही. चुकून घातलेला टाका इतका नीट नसतो. एकदा कोणी नसताना विचारलं, की दादा, लाल कशाला? तर म्हणाली, 'निळा लाँड्रीचा आहे मावशी. लाल माझा.'"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, बरं. कॉलर जास्त कडक करू का?"

कोर्टात हसू फुटलं. न्यायाधीशांनी कोणाला दटावलं नाही.

"आणि पुढे?"

"पुढे काय, त्या मापाचा शर्ट मी दुसऱ्या कोणाच्या हातात जाऊ दिला नाही. प्रेस करायची, कॉलर दुमडायची, निळ्या गठ्ठ्यात ठेवायची. आम्ही दोघी परत त्यावर बोललो नाही."

सरकारी वकील उलटतपासणीला उठले. त्यांचा सूर सौम्य होता. "मावशी, तुम्हाला कोणी दबाव आणून इथे आणलं?"

"मला? आमचे हेसुद्धा आणू शकत नाहीत. नको जाऊ म्हणत होते."

"आरोपीला तुम्ही माफ केलंय?"

"नाही." मावशींनी पट्टीतला हात थोडा वर केला. "मी वाफ मागितली होती, पाना टांग असं म्हटलं नव्हतं. याची जी शिक्षा असेल ती द्या, एक दिवस कमी करू नका. मी भांडायला येणार नाही. पण ती खोटं बोलते असं सगळे म्हणतायत, ते मला ऐकवत नाही. पान्याचं तिने सांगितलं तेव्हा सगळ्यांना पटलं. मग हे का पटत नाही? हेही त्याच तोंडाने सांगितलंय."

सरकारी वकिलांनी हातातला कागद खाली ठेवला. मग न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, "सरकार पक्षाला ठेवण्याच्या जागेबद्दल हरकत नाही, साहेब." आणि बसले.

न्यायाधीशांनी दोन वर्षांची कैद सुनावली. बायकांच्या तुरुंगात, सुरुवातीला वेगळ्या खोलीत, असं आदेशात नमूद करायला कारकुनाला सांगितलं. कारकुनाने या वेळी वर बघितलं नाही.

'बायकांच्या तुरुंगात' हे शब्द ऐकून ताई बाकावर टेकली. शेजारच्या अनोळखी बाईने विचारलं, "सुटला का हो तुमचा माणूस?"

"नाही, शिक्षा झाली," ताई म्हणाली, आणि आपण हसतोय हे तिच्या लक्षात आलं.

*

व्हरांड्यात बंबला गाडीची वाट बघत उभं केलं होतं. लाँड्रीतले लोक लांबून बघत होते. मघाशी हसलेल्या एकाने हात वर केला आणि आता काय म्हणायचं ते न कळून नुसता हलवला. डबा बंद करणारी बाई त्याच्यामागे उभी होती. तिने हात हलवला नाही, पण निघूनही गेली नाही.

मावशी जाता जाता थांबल्या.

"मी माफ केलेलं नाही हं," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे, मावशी."

"इकडे बघ." मावशींनी डोळे बारीक केले. बंबच्या अंगात त्याच करड्या शर्टांपैकी एक होता. "ही इस्त्री कोणी केली?"

"ताईने."

"दिसतंय," मावशी म्हणाल्या. त्यांनी डाव्या हाताने कॉलरचं वाकडं टोक धरलं, ओढून सरळ केलं, आणि नवऱ्याच्या मागे जिना उतरून गेल्या.

गाडी आली. आरोपीला धरून चढवायला एक शिपाई सवयीने पुढे झाला. मग त्याने हातातला आदेश वाचला, मागे सरकला आणि आपल्या सहकारी बाईंना म्हणाला, "तुमचं काम आहे." त्या पुढे आल्या. त्यांनी बंबला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, आपला हात तिच्या दंडाला पुरणार नाही हे ओळखलं, आणि म्हणाल्या, "तुम्हीच चढा बाई. मी मागे आहे."

तलावापासून तुरुंगापर्यंतची बस कुठून सुटते, दर महिन्याला भेटीचा वार कोणता, हे ताईने आधीच विचारून ठेवलं होतं. ते सगळं तिने गाडीच्या जाळीतून ओरडून सांगितलं. बंबने मान डोलावली. गाडी वळली.

शहर संपायच्या आतच बंबला झोप लागली. खड्ड्यांनी, हॉर्नने ती मोडली नाही. बंबचं डोकं जाळीवर आपटत होतं, तेव्हा शिपाईबाईंनी आपली गुंडाळलेली शाल मधे सरकवली. फाटक आलं, गाडी थांबली, पहारेकऱ्याने आत डोकावून विचारलं, "किती जणी?"

"एक," शिपाईबाई म्हणाल्या, आणि बंबचा खांदा हलवला. "उठा बाई. आलं."